न फिरणारं सेंटर

लांब शाफ्ट नेमक्या मापात कातला जायला हवा होता, म्हणून टर्नरने लेथवर शाफ्टचं टोक पेलणारं अणकुचीदार लाइव्ह सेंटर काढून डेड सेंटर बसवलं. लाइव्ह सेंटर कामाबरोबर फिरतं. डेड सेंटर जागचं हलत नाही, त्याच्या टोकावर नुसता शाफ्ट फिरतो.

काम झालं. त्याने मशीन बंद करून शाफ्ट उतरवला. डेड सेंटर मात्र सावकाश फिरत होतं.

"दादा, जरा इकडे ये," त्याने हाक मारली.

शेजारच्या लेथवरून थोरला भाऊ आला. त्याने मेन स्विच पाडला. सेंटर फिरतच राहिलं.

टर्नरने धीर करून ते मुठीत धरलं. पोलाद अंगासारखं कोमट होतं. ते थांबलं, आणि त्याचं मनगट हळूहळू वळू लागलं.

"सोड ते," दादा म्हणाला.

टर्नरने तोच पंजा उघडून पुढे केला. मनगट वळतच होतं.

"दादा, मी केव्हाच सोडलंय."