जुळी बाटली

टेबलावर पाच प्रश्नांचा एक कागद, पन्नास गुणांचे चौदा तक्ते, दोन पेनं, पाण्याचा जग आणि घड्याळ. बाहेर बाकांवर चौदा उमेदवार. जागा एकच, सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेतल्या सहायकाची.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी सगळं दोनदा मोजलं. मागच्या भरतीनंतर कुणीतरी तक्रार ठोकली होती, की इथे गुण चेहरा बघून पडतात. वरून निरोप आला होता, यंदा खोट निघाली तर मुलाखती तुमच्याकडून काढून घेऊ. आपल्या हाताखालचा माणूस भलत्याच कुणी निवडायचा, ही कल्पनाच मॅडमना सोसवत नव्हती.

"माझ्यावर शंका घेतात, भाऊ. अख्खी प्रयोगशाळा मला टरकते."

"तुम्हाला नाही मॅडम, जुळ्या बाटल्यांना टरकते," जुने सहायक असलेले भाऊ म्हणाले.

ते खरंच होतं. मॅडम रोज एकच पाणी दोन बाटल्यांत भरत, वेगवेगळे क्रमांक चिकटवत आणि बाकीच्या नमुन्यांत मिसळून देत. कुठल्या दोन, ते तपासणाऱ्याला कळत नसे. दोन्हींच्या आकड्यांत दोनाहून जास्त फरक आला, की सगळे नमुने पुन्हा पहिल्यापासून. एकोणीस वर्षांत भाऊ अकरा वेळा सापडले होते. दर वेळी मॅडमनी त्यांना चहा पाजून पुन्हा कामाला जुंपलं होतं.

आजही तशीच शिस्त होती. उमेदवारांची नावं झाकलेली, फक्त क्रमांक. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमानं. प्रश्न भाऊंनीच टाइप केले होते आणि आता कोपऱ्यात बसून ते उत्तरं उतरवून घेत होते.

तिसरा उमेदवार कडक इस्त्रीत आला. आवाज भरदार, नजर सरळ. चौथ्या प्रश्नाला क्षणभर थांबून म्हणाला, "हे आत्ता आठवत नाही. पुस्तकात बघून सांगेन." मॅडम खूश झाल्या. अंदाजानं ठोकून देत नाही, असाच माणूस हवा.

जेवणानंतर अकरावा आला. शर्ट चुरगळलेला, चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला, नजर जमिनीवर. सुरुवात बरी केली, पण चौथ्या प्रश्नाला गाडी अडली आणि तो पुस्तकाचा आधार शोधू लागला. तयारी कच्ची, मॅडमनी ठरवलं. त्यांना वाईटही वाटलं, पण गुण म्हणजे गुण.

पाच वाजता चौदाही तक्त्यांवर सह्या झाल्या.

"सांगा भाऊ, कुठे बोट ठेवाल?" मॅडमनी हसत विचारलं.

भाऊंनी जुळ्या बाटल्यांची वही पुढे सरकवली.

"आज कुठल्या बाटल्या?"

"वरूनच पाठवल्या होत्या, दोन. मी नुसते क्रमांक चिकटवले," भाऊ म्हणाले. "चहा सांगितलाय, मॅडम."

मॅडमनी चष्मा लावला. शाई अजून ओली होती.

जुळी: उमेदवार तीन आणि अकरा. उत्तरं: शब्दशः एकच. गुण: चव्वेचाळीस, पस्तीस. चालणारा फरक: दोन. आलेला फरक: नऊ.