घारापुरीच्या बोटीआधी

प्रयागबाईंना एकदा समुद्र दाखवायचा म्हणून शेषराव त्यांना जिंतूरहून मुंबईला घेऊन आले होते. "विसर वाढत जाणार आहे, जे दाखवायचं ते लवकर दाखवा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

गेटवेला ते घारापुरीच्या बोटीची तिकिटं काढायला वळले आणि तेवढ्यात बाई गर्दीत दिसेनाशा झाल्या. तासभर ते प्रत्येक हिरव्या लुगड्यामागे धावत राहिले. शेवटी त्या पोलीस चौकीतल्या बाकावर बसलेल्या सापडल्या. शेषरावांनी हात धरला, तर त्यांनी तो झटकन काढून घेतला.

"आजी, अहो, तुमचे मालक आलेत," महिला पोलीस म्हणाली.

"हे नाहीत. आमचे मालक तरणेताठे आहेत. शहर मोठं आहे, अनोळखी माणसाबरोबर कुठं जायचं नाही, असं बजावलंय त्यांनी मला."

शेषराव हळूच म्हणाले, "बरोबर सांगितलंय त्यांनी. ते येईपर्यंत मी इथं बसू का?"

प्रयागबाई जराशा सरकल्या.

"बसा. पण ते आले की उठा."