रडायचं नाही

ताई गेल्यावर दाजींचा हात भाचीवर उठायला लागला, म्हणून तिचा ताबा तातडीने मागायला मी कोर्टात गेले. न्यायाधीश बाईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं. दाराशी तिची वेणी सारखी करता करता मी बजावलं, "सगळं खरं खरं सांग. फक्त रडू नकोस हं, रडत बोललीस की काही कळत नाही."

थोड्याच वेळात आदेश आला. मुलगी खुशीत आहे, घाई करण्यासारखं काही दिसत नाही, अंतिम निकाल लागेपर्यंत वडिलांकडेच राहू दे.

दाजी तिचं दप्तर उचलून जिन्याकडे निघाले. त्यांच्यामागे जाता जाता ती माझ्या कानाशी आली.


"मावशी, खरं सांगायला लागले की रडू येत होतं. म्हणून मग 'बाबा छान आहेत' म्हटलं."