दसऱ्याचा पहिला पीस

“सेन्सर बंद करा आणि एक पीस काढा. एकच,” यज्ञेश्वर म्हणाला.

अक्षता नाही म्हणाली.

धायरीतल्या त्याच्या कारखान्यात दसऱ्याची पूजा नुकतीच आटोपली होती. पत्रा दाबून सुटे भाग काढणारी नवी तीन प्रेस मशीन ओळीने उभी होती. प्रत्येकाला स्वतःचा छोटा संगणक होता आणि ते तिन्ही एकमेकांना सतत कळवत राहत, मी ठीक आहे. एकाचा निरोप यायला जरा उशीर झाला, किंवा एकाच्या तोंडासमोर काही आडवं आलं, की तिन्ही मशीन त्याच क्षणी थांबत. हे सॉफ्टवेअर अक्षताच्या लहानशा कंपनीने लिहिलं होतं. त्यांचं पहिलंच मोठं काम.

आज तिसऱ्या मशीनची झेंडूची माळ खाली लोंबत होती, बरोबर सेन्सरच्या किरणांच्या आड. दिवा लाल झाला होता. ओळ गप्प उभी होती.

माळ वर अडकवा, असं अक्षताने आधीच सुचवलं होतं. पण पूजेची माळ संध्याकाळपर्यंत हलवायची नाही, ही तिथली रीत. शिवाय ती यज्ञेश्वरच्या आईने, तुळजाबाईंनी, स्वतः बांधलेली. तिला हात लावायला कुणी धजेना.

मोटार कंपनीतून आलेले श्रीनिवासराव पेढा हातात धरून बसले होते. पहिला पीस बघून ते काम द्यायचं की नाही ते ठरवणार होते. त्यांनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

“मशीन आमचं, माळ आमची,” यज्ञेश्वर म्हणाला, “आणि परवानगी तेवढी तुमची घ्यायची. छान आहे.”

अक्षताचा भागीदार विश्वजीत तिच्या कानाशी लागला. फक्त एक पीस निघेपर्यंत, मॅडम, सेन्सर लगेच परत चालू करू. हे काम गेलं तर ऑफिसला कुलूप लावावं लागेल, हेही त्याने सांगितलं. ते तिला ठाऊक होतं. सेन्सर बंद करायचा पासवर्डही तिलाच ठाऊक होता.

“माळ आहे हे तुम्हाला दिसतंय,” ती यज्ञेश्वरला म्हणाली. “मशीनला फक्त मध्ये काहीतरी आहे एवढंच कळतं. आज मी ते बंद करून दाखवलं, तर उद्या प्रत्येक जण बंद करायला सांगेल. तेव्हा मध्ये माळ नसेल.”

तिने लॅपटॉप मिटला.

मग मी दुसरा माणूस बघतो, असं यज्ञेश्वर शांतपणे म्हणाला. विश्वजीतने डोळे मिटून घेतले. श्रीनिवासरावांनी पेढा ताटलीत परत ठेवला.

तेवढ्यात देव्हाऱ्यापाशी बसलेल्या तुळजाबाई उठल्या. उजवा हात नेहमीसारखा पदराखाली होता. त्या हाताची बोटं तरुणपणी लोणी काळभोरच्या गुऱ्हाळात गेली, चरकात, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. आता म्हातारी या पोरीला चार शब्द सुनावणार, असं वाटून कामगार बाजूला सरले.

त्या तिसऱ्या मशीनपाशी गेल्या. डाव्या हाताने त्यांनी माळेची गाठ सोडली. माळ काढून घेतली. दिवा हिरवा झाला.

“आई, पूजेची माळ आहे ती,” यज्ञेश्वर म्हणाला.

“हाय की. मीच खाली सोडली व्हती.”

त्याला कळेना. परवा याच आईने अक्षताला विचारलं होतं, मध्ये फूल आलं तरी मशीन थांबंल का? थांबेल, असं अक्षताने सांगितलं होतं. तेव्हा सगळे हसले होते.

“मशीन थांबतंय ते ठावं व्हतं मला,” तुळजाबाई म्हणाल्या. “माणूस थांबतंय का, ते बघायचं व्हतं.”

त्यांनी माळ अक्षताच्या हातात दिली. मग पदराखालचा हात बाहेर काढला आणि लेकासमोर धरला. अंगठा तेवढा होता.

“चरक नव्हता रे त्यो. तुझ्या वडलांचं पयलं मशीन व्हतं. दसरा व्हता, आन् तेबी मला एकच पीस म्हणाले व्हते.”