बाळाचा टेकू

"बाप याच गावात आहे," भिंगकाका म्हणाले आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून पुन्हा संगणकाच्या पडद्यात डोकावले. "आणि इतक्या वर्षांत कुणाला पत्ता नाही. कमाल आहे!"

खुर्ची ओढून लॅबची प्रमुख त्यांच्याशेजारी बसली. बाळाच्या, म्हणजे कुंडीतल्या नव्या रोपाच्या, पानाची तपासणी झाली होती. निम्मा वारसा थोरलीचा, त्यात नवल नव्हतं. उरलेला निम्मा मात्र त्याच जातीच्या कुठल्यातरी नराचा होता, आणि या जातीचा शेवटचा नर कधीच वठून गेला असं सगळी पुस्तकं सांगत होती.

थोरली म्हणजे लॅबमागच्या आवारातलं झाड, जातीतली एकुलती एक मादी. तिच्या फांद्यांचे तुकडे बाटल्यांत वाढवून लॅबने हुबेहूब तिच्यासारखी ढीगभर रोपं केली होती. पण सगळ्या बहिणीच. बी धरायला नर हवा, आणि थोरलीचा बुंधा आतून पार पोखरला होता. यंदाचा मोहोर तिचा शेवटचा, हे सगळे मनातून धरून चालले होते.

गेल्या मोसमात तिच्या फुलांना कापडी पिशव्या बांधून आत शीतपेटीतले जुने पराग सोडले होते. पराग मेलेले निघाले. एक पिशवी बांधताना प्रमुखबाईंना जोरात शिंक आली, हाताला हिसका बसला आणि पिशवी टर्रकन फाटली. नेमकं त्या फाटक्या पिशवीतच एक फळ धरलं. त्याच्या बीचं हे बाळ.

"वाऱ्याची कृपा," ती म्हणाली.

"हे पराग जड असतात, मॅडम. वारा त्यांना कितीसा लांब नेणार? म्हणून तर म्हणतो, बाप इथेच कुठेतरी लपलाय."

झालं, तिने कंबर कसली. स्कूटरला लांब काठीची कात्री बांधून ती गल्लीबोळ पालथे घालू लागली. दवाखान्याचं आवार, शाळेचं मैदान, बंद पडलेल्या गिरणीचं कुंपण. अडचण एवढीच की या जातीचं एक चुलत झाड गावभर माजलं होतं. दिसायला दोन्ही सारखी, पान तपासल्याशिवाय भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. ती पानं पाकिटात भरून आणी, भिंगकाका तपासत आणि मान हलवत.

"चुलत. हेही चुलत. आणि हे तर चुलताचं चुलत!"

"लोक पोरीसाठी नवरा शोधतात," घरी सासरे हसायचे. "तू पोराला बाप शोधतेस. तुझं सगळंच उफराटं."

एक गोष्ट मात्र बरी झाली होती. दरवर्षी या दिवसांत शिंकांनी तिचा जीव नकोसा व्हायचा. यंदा मोहोरलेल्या चुलत झाडांखाली ती तासन्‌तास उभी राहिली, पिवळी भुकटी केसांत घेऊन घरी आली, तरी नाक कोरडं ठणठणीत. तिने नव्या गोळ्यांना दुवा दिला.

सासरे श्रेय स्वतःच्या करवतीला देत. परसातलं झाड त्यांनी थंडीतच, मोहोर यायच्या आधी आडवं केलं होतं. स्वयंपाकघरात उजेड नाही, वाळत घातलेले कपडे पिवळे होतात, अशी तिचीच भुणभुण होती.

"झाडांची डॉक्टरीण आणि झाड तोडायला लावते!" शेजारीण म्हणालीच.

"अहो, साधं चुलत झाड आहे ते. रस्तोरस्ती आहे," तिने हसण्यावारी नेलं.

सासऱ्यांचा हात सुतारकामाचा. फांद्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी काठ्या तासल्या आणि मोळी बांधून सुनेबरोबर पाठवली. "तुझ्या बाळांना टेकू," म्हणाले.

थोरली फुलली. फुलं आता दोन-चार दिवसांची सोबती होती, आणि बापाचा ठावठिकाणा नव्हता. सकाळी ती डबा भरत असताना सासरे कुदळ घेऊन दारात उभे राहिले.

"आज तो बुंधा मुळासकट काढतो. मेल्याला खालून कोंब फुटायला लागलेत. जागा झाली की छान बाकडं टाकू."

"काढा बाबा एकदाचा," ती घाईत म्हणाली आणि निघाली.

लॅबमध्ये शेवटच्या पाकिटांचा निकाल तयार होता. भिंगकाकांनी मान हलवली. या वेळी विनोद केला नाही. ती रडकुंडीला आली. इतकी वर्षं जपलेली जात डोळ्यांदेखत संपणार, आणि आपण नुसत्या पिशव्या हातात घेऊन उभ्या. ती कुणाशी न बोलता रोपवाटिकेत गेली. मन उदास झालं की ती बाळाजवळ जाऊन बसायची.

भिंगकाका मागोमाग आले. "बाळ मजेत आहे, मॅडम. पण त्याच्या टेकूचा आगाऊपणा बघितलात का?"

बाळाला बांधलेल्या काठीने कुंडीतल्या ओलाव्यात मूळ धरलं होतं. वरच्या टोकाला दोन कोवळी पानं आणि करंगळीएवढे पिवळे तुरे लोंबत होते.

"ओली काठी रोवली की फुटणारच," ती म्हणाली. तिला जरा हसू आलं. तुरे जवळून बघायला ती वाकली.

तिला शिंक आली. मग दुसरी. मग लागोपाठ इतक्या की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"गोळ्या संपल्या वाटतं?" भिंगकाकांनी विचारलं.

"सकाळीच घेतलीय," ती म्हणाली. बाळाच्या पानांवर सांडलेल्या पिवळ्या भुकटीकडे ती बघत राहिली. मग तिने घरचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. अखेर पलीकडून धापा टाकत "हॅलो" आलं.

"बाबा," ती ओरडली, "कुदळ खाली ठेवा!"