दोन बटणांचा खोका

मसाम्बाने बुटाने डावं बटण दाबलं आणि आवाज बदलला तो त्याच्या धाकट्या भावाच्या गिटारचा.

कियालाने चमकून आपल्या बोटांकडे पाहिलं. मग त्याने स्वतःसमोरचं उजवं बटण दाबून पाहिलं, तर थोरल्याची गिटार कर्कश झाली. भर प्रार्थनेत बायका वळून पाहायला लागल्या. दोघांनी घाईघाईने बटणं पुन्हा दाबून आवाज जागेवर आणले आणि एकदमच मान वळवली. एकमेकांकडे नाही, छे! स्पीकरला टेकून उभ्या असलेल्या बहिणीकडे.

"तारा उलट्या जोडल्या गेल्या वाटतं," लुझोलो कुजबुजली. "आता खोका उघडायला वेळ कुठाय? घ्या सांभाळून."

साफ खोटं बोलत होती ती. उलट्या तारा तिने मुद्दाम जोडल्या होत्या.

भांडण आईच्या दुखवट्याचं. त्या दिवशी मसाम्बा आईचं आवडतं संथ भजन वाजवत होता. कियालाला धीर धरवला नाही. थोरल्याचं भजन संपायच्या आत त्याने सेबेन, म्हणजे गाण्याच्या शेवटी येणारा गिटारचा नाचरा तुकडा, सुरू केला. सेबेन लागला की किन्शासात माणूस बसून राहत नाही. दुखवट्याला आलेली मंडळी उठून नाचायला लागली. मसाम्बाने सगळ्यांसमोर धाकट्याच्या गिटारची वायर उपटून फेकली. तेव्हापासून अबोला. जेवायला एका ताटाभोवती बसायचे आणि म्हणायचे, "लुझोलो, त्याला सांग, मीठ इकडे सरकव."

गिटार मात्र दोघे एकाच चर्चमध्ये वाजवायचे, हातभर अंतरावर उभे राहून. भजनाला घुमणारा आवाज लागतो, सेबेनला धारदार. त्यासाठी प्रत्येकाच्या पायाशी पेडलांची रांग होती. पण कोण कुणासाठी थांबणार? एकाची गिटार रडत असायची, तेव्हा दुसऱ्याची नाचायला निघालेली. नाचायला रुमाल काढलेले लोक रुमाल खिशात घालून खाली बसायचे.

शेवटी पाद्रीबाबा वैतागले. "लुझोलो, प्रत्येकाची सगळी पेडलं एकेका बटणावर आण बाई. एवढं करूनही या रविवारी जुळलं नाही, तर एकाला घरी बसवणार मी. एका म्यानात दोन तलवारी मला नकोत."

लुझोलो मातेतेच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायची. तिने जळक्या स्टॅबिलायझरमधले रिले उपसले, पावाच्या पत्र्याच्या साच्यात बसवले, वर दोन बटणं लावली आणि पाय घसरू नये म्हणून त्यांवर जुन्या चपलेचं रबर चिकटवलं. एकदा दाबलं की एका गिटारची सगळी पेडलं बदलणार. आणि मग, तिच्याच डोक्यातलं खूळ, एकाची गिटार दुसऱ्याच्या बटणाला जोडून टाकली. आता तरी बोलावं लागेल मेल्यांना!

बोलले तर ठीक. नाही बोलले तर आज सगळ्या गावासमोर शोभा, एक भाऊ चर्चमधून बाहेर, आणि मग ते एका ताटाभोवतीही बसणार नाहीत. हे तिला आत्ता, स्पीकरला टेकून उभं असताना सुचत होतं.

भजन शेवटच्या कडव्यावर आलं. ढोलकऱ्याने काठ्या उचलल्या. कियालाने बोलण्याऐवजी आपला लांबलचक पाय थोरल्याच्या बटणाकडे सरकवला. तिथे मसाम्बाचा बूट होता आणि तो तसूभरही हलला नाही. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडावर हात धरून खिदळल्या. मसाम्बा समोर बघत आपला संथ वाजवत होता, दुखवट्याला वाजवलं होतं तसंच, कसलीही घाई न करता.

"विचार की रे, गाढवा," लुझोलो पुटपुटली.

कियालाने पाय मागे घेतला. घसा खाकरला.

"याया," तो म्हणाला. थोरल्या भावाला मारायची ती हाक त्याच्या तोंडून इतक्या दिवसांनी निघाली, आणि घोगरी निघाली. "तुझं होऊ दे सावकाश. झालं की सांग. मग दाबतो."

मसाम्बाचं बोट एका सुरावर अडखळलं. मग त्याने ते भजन सगळ्या वळणांसकट शेवटपर्यंत वाजवलं. धाकटा थांबला. ढोलकरी थांबला.

"दाब आता," मसाम्बा म्हणाला.

दोन पाय एकदम पडले. दोन्ही गिटार एकदम उजळल्या, आणि सेबेन असा उसळला की पाद्रीबाबांनीच आधी रुमाल काढला. लुझोलो रडत होती आणि नाचतही होती. तिला इतका आनंद आईच्या पश्चात पहिल्यांदाच झाला होता.

प्रार्थना संपल्यावर कियाला दोघांच्या वायरी गुंडाळायला लागला. लुझोलो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भीतभीतच थोरल्याजवळ गेली.

"याया, रागावू नकोस. त्या तारा... चुकून नाही जोडल्या मी तशा. सरळ करून देते."

"राहू दे," मसाम्बा गिटार पुसत म्हणाला. "काल उघडून बघितला मी तुझा खोका. एका तारेचा टाका कच्चा होता, तेवढा पक्का केला."