चौथा पर्याय

"नववीत तुझा गणिताचा पेपर हरवला होता ना गं?" लॅपटॉपवरून मान वर न करता आईने, मंदाकिनीबाईंनी, विचारलं.

उर्वी ऑफिसचा डबा भरत होती. तिचा हात थांबला. वीस वर्षांनी हे कुठून निघालं?

"हो. हरवला होता."

"कमी मार्क पडले की मुलं घरी काय सांगतात, ते लिहितेय. तुला आठवत असेल काही."

"मला काय माहीत?"

"तुला नाही तर कोणाला?" बाई हसल्या. उर्वी पाणी घ्यायला जवळ आली तसा त्यांनी लॅपटॉप मिटला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई डोंबिवलीच्या चार शिक्षकांबरोबर मोठ्या मुलांसाठी ऑनलाइन धडे तयार करत होत्या. विषय एकच, अभ्यास कसा करायचा. प्रत्येक धड्यात एक प्रसंग आणि चार पर्याय. मूल जो पर्याय निवडेल, त्याच्या खाली बाईंचं उत्तर उघडायचं. दोन महिने त्या उर्वीला आडून आडून विचारत होत्या. पुस्तक उघडं ठेवून काय करायचीस? पोटात दुखतंय म्हणायचीस, तेव्हा खरंच दुखायचं का? उर्वीला वाटे, ही चौकशी आहे. आपल्या जुन्या लबाड्या आता कल्याण-ठाण्यातली पोरं मोबाइलवर वाचणार. त्या दिवशी ती न बोलताच ऑफिसला गेली. रात्रीही फारसं बोलली नाही. पहाटे आईचं हृदय बंद पडलं.

तेराव्यानंतर सुदेश सरांचा फोन आला. ते त्या चार शिक्षकांपैकी एक.

"ताई, शेवटचा धडा बाईंच्या लॅपटॉपवरच राहिलाय. सोमवारी मुलांना द्यायचाय."

"आधी मी वाचणार," उर्वी म्हणाली. "त्यात मी असले तर तो कुठेही जाणार नाही."

"तुम्हाला न विचारता तुम्ही असणारच नाही. बाईंचा नियम होता. चुकीचे पर्याय मनाने रचायचे नाहीत, कोणीतरी खरंच केलेलं हवं. आणि ज्याने केलं, त्याने स्वतः सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही. आम्हाला पिडलंय त्यांनी. या धड्यातला ब पर्याय माझा आहे."

उर्वीचा विश्वास बसला नाही. फोन स्पीकरवर ठेवून तिने धडा उघडला आणि स्वतःला शोधत एकेक ओळ वाचू लागली.

गणिताच्या पेपरात नापास झाला आहात. घरी काय कराल?

अ. आधी आजीला सांगेन.

ब. बाबांची सही स्वतःच मारेन.

क. पेपर अजून मिळालाच नाही म्हणेन.

ड पुढे काहीच नव्हतं. फक्त कंसात लिहिलं होतं, उर्वीला विचारायचं.

पर्याय रिकामा होता. त्याच्याखालचं उत्तर मात्र लिहून तयार होतं.

"पेपर गेला तर जाऊ दे. तू पुलाच्या कठड्याशी उभी होतीस, तेव्हा मी मागे रिक्षात होते. तू वळलीस आणि घराकडे चालू लागलीस. मला तेवढं पुरे होतं. नंतर विचारायचं धाडस मलाच झालं नाही."

उर्वीने ते दोनदा वाचलं.

"ताई, आहात ना?" फोनमधून आवाज आला. "ड मध्ये काय आहे?"

"रिकामा आहे."

"मग तीनच ठेवू या."

"नको." तिने आईच्या खुर्चीकडे पाहिलं. पाठीवर अजून शाल होती. "लिहून घ्या, सर."

"हं, सांगा."

"पेपर हरवला नव्हता, आई. मीच तो कळव्याच्या पुलावरून खाडीत टाकला."